धरणापासून मीटरपर्यंत : वीज कंपनीचा धंदा मुलांना कसा समजावून सांगाल?



वीज आपण मुलांना दोन विषयांत शिकवतो. विज्ञानात परिपथ, ओहमचा नियम, जनित्र. भूगोलात जलविद्युत आणि औष्णिक केंद्रांची नावं, नकाशात भरण्यापुरती. पण वीज हा एक धंदाही आहे. ती कोणीतरी बनवतं, कोणीतरी वाहून आणतं, कोणीतरी विकतं, आणि महिनाअखेरीस तिचे पैसे आपण भरतो. हा भाग दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत पडून राहतो. मग दहावी झालेल्या मुलाला विजेच्या बिलावरचा 'इंधन समायोजन आकार' म्हणजे काय हे सांगता येत नाही. खरं सांगायचं तर घरातल्या मोठ्यांनाही येत नाही.

म्हणून या लेखात एका खऱ्या कंपनीच्या आधारे हा धंदा उलगडून बघू. मी टाटा पॉवर निवडली आहे. ती शंभर वर्षांहून जुनी आहे, तिची सुरुवात आपल्या सह्याद्रीत झाली, आणि तिच्या यशापयशाचा बराचसा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. ही काही जाहिरात नाही, ते पुढे वाचताना कळेलच.

आधी 'एकात्मिक' हा शब्द

मुलांना दुधाचं उदाहरण द्या. गोठा एकाचा, संकलन केंद्र दुसऱ्याचं, टँकर तिसऱ्याचा आणि दुकान चौथ्याचं, असं असू शकतं. किंवा एकच संघ जनावरांच्या चाऱ्यापासून घरच्या पिशवीपर्यंत सगळं सांभाळू शकतो. हा दुसरा प्रकार म्हणजे एकात्मिक. विजेच्या बाबतीत या साखळीत इंधन (पाणी, कोळसा, वायू, ऊन, वारा), निर्मिती, उच्च दाबाचं पारेषण, गावातलं-शहरातलं वितरण आणि शेवटी ग्राहकाला विक्री व बिलवसुली अशा कड्या येतात.

एक फरक मात्र ठासून सांगा. दूध निदान फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. वीज बनली त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. मोठ्या प्रमाणावर ती साठवणं अजूनही महाग आहे. संध्याकाळी सात वाजता लाखो घरांत एकदम दिवे, पंखे, टीव्ही लागतात, तेव्हा कंपनीला तितकीच वीज त्याच क्षणाला तयार ठेवावी लागते. या धंद्यातल्या बऱ्याचशा अडचणी आणि बराचसा खर्च या एका गोष्टीतून येतो.

आपल्या राज्यातही आधी एकच संस्था सगळं करायची. १९६० पासून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचं 'एमएसईबी', वीज बनवायचं, आणायचं आणि विकायचंही. जून २००५ मध्ये त्याचे महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण असे भाग झाले. २००३ च्या विद्युत कायद्याने असे भाग पाडणं बंधनकारक केलं होतं. त्यामागचा विचार असा की प्रत्येक कडीचा हिशेब वेगळा दिसावा. एकाच पिशवीत सगळं असलं की भोक कुठे आहे ते कळत नाही. गावाकडे अजूनही वायरमनला 'एमएसईबीवाला' म्हणतात, ते वेगळं.

पाऊस पकडून विकणारी कंपनी

आता आपली कंपनी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून आणायचा, जाळायचा, आणि धूर परळ-लालबागवर सोडायचा. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या वास्तुविशारदाच्या डोक्यात आलं की लोणावळ्याच्या डोंगरावर इतका पाऊस पडतो, तो अडवून खाली कोकणात सोडला तर वीज होईल. जमशेटजी टाटांनी ती कल्पना उचलली. १९०४ मध्ये ते गेले, पुढे त्यांच्या मुलांनी काम नेलं. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. वलवण, शिरवता आणि लोणावळा इथल्या तलावांतलं पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि टर्बाइनवर आदळतं. तिथून एक लाख व्होल्ट दाबाने वीज सत्तरेक किलोमीटरवरच्या मुंबईत पोचायची आणि गिरण्या चालायच्या. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रं आली.

इथे फळ्यावर एक गणित जरूर करा, मुलांना फार आवडतं. एक हजार लिटर पाणी म्हणजे १००० किलो. ते ५०० मीटर खाली आलं तर १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूल ऊर्जा. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की १.३६. यंत्रांमधली घट वजा केली तर साधारण १.२ युनिट हातात येतात. म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरासाठी घाटावरून ८० हजारांहून जास्त लिटर पाणी खाली यावं लागतं, दहा हजार लिटरचे आठ टँकर! कोळशाने करायचं तर तेवढ्याच विजेला साधारण ५० ते ७५ किलो कोळसा जाळावा लागतो. पंखा चालू ठेवून खेळायला पळणाऱ्या मुलाला वेगळं भाषण द्यायची गरज उरत नाही.

त्या पाण्याखाली काय गेलं

हा भाग गाळू नका, अशी माझी विनंती आहे. मोठा वीज प्रकल्प कुणाच्या तरी जमिनीवर उभा राहतो आणि हा त्या धंद्याच्या खर्चाचाच भाग आहे, जरी तो बिलावर छापलेला नसला तरी.

भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं. पुणे जिल्ह्यातल्या त्या खोऱ्यात भातशेती करणारी पन्नासेक गावं होती. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळातले शेतकरी, बायाबापड्यांसकट, धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट त्यांच्या पुढे होते. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यात लोकांनी दिली. विनायकराव भुस्कुटे हे दुसरं मोठं नाव. लढा तीन वर्षं चालला, माणसं तुरुंगात गेली, आणि धरण झालंच. धरणाच्या विरोधातला जगातला हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा मानला जातो.

याची एक बाजू अभ्यासकांनी दाखवली आहे आणि ती नववी-दहावीच्या मुलांना कळते. बऱ्याच जमिनींवर नाव पुण्याच्या सावकाराचं होतं आणि राबणारा कूळ होता. नुकसानभरपाई मिळणार म्हटल्यावर सावकार मंडळींना प्रकल्प काही वाईट वाटला नाही. ज्याचं घर आणि शेत बुडालं आणि ज्याला पैसे मिळाले, ती माणसं एकच नव्हती. वर्गात विचारा : मुंबईच्या गिरणीत त्याच मावळातला माणूस कामाला होता, त्याला स्वस्त विजेचा फायदा झाला का? उत्तर सोपं नाही, मुलांना भांडू द्या.

याचा दुसरा धागा आजपर्यंत पोचतो. मुळा नदी मुळात पूर्वेला वाहते, मुठेला मिळते, पुढे भीमा आणि कृष्णा. धरणात अडवून तिचं पाणी पश्चिमेला, कोकणात वळवलं. भिऱ्याला वीज करून ते कुंडलिका नदीत जातं आणि शेवटी समुद्रात. कोलाडला राफ्टिंगला गेला असाल तर ज्या लाटांवर ओरडलात, त्या या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याच्या. पण सोलापूरकडे दुष्काळ पडला, उजनी आटलं, की 'ते पाणी पुन्हा आमच्याकडे वळवा' ही मागणी दरवेळी उठते, आणि ती चुकीची आहे असं कुणी सहज म्हणू शकत नाही. शंभर वर्षांपूर्वी पाणी कुठे जावं हे वीज कंपनीच्या गरजेवरून ठरलं, तेव्हा उजनी नव्हतं आणि सोलापूरची आजची तहानही नव्हती.

दोन प्रकारचे पैसे

आता हिशेबाकडे वळू. वीजकेंद्राचा खर्च दोन प्रकारचा असतो. एसटीचं उदाहरण घ्या. गाडी विकत घेतली, ड्रायव्हर-कंडक्टर ठेवले, हा खर्च गाडी रिकामी गेली तरी होतोच. डिझेलचा खर्च मात्र गाडी जेवढी पळेल तेवढाच. वीजकेंद्राचंही तसंच : उभारणीचं कर्ज, व्याज, माणसं हा स्थिर खर्च, इंधन हा चालू खर्च. पाण्याच्या केंद्रात पहिला खर्च भरमसाट आणि दुसरा जवळपास शून्य. कोळशाच्या केंद्रात दोन्ही आहेत.

घरच्या बिलावर हेच दिसतं. 'स्थिर आकार' तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी भरावा लागतो, कारण तार आणि केंद्र तुमच्यासाठी तयार उभं होतं. 'वीज आकार' वापराप्रमाणे. 'वहन आकार' तारांचा. 'वीज शुल्क' राज्य सरकारचा कर, तो कंपनीच्या खिशात जात नाही. आणि 'इंधन समायोजन आकार' म्हणजे दर ठरवताना इंधनाची आणि वीजखरेदीची जी किंमत धरली होती, ती प्रत्यक्षात बदलली तर त्यातला फरक. हे दर कंपनी मनाने ठरवत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आणि त्याआधी जनसुनावणी होते. तिथे कोणीही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो. किती पालकांना हे माहीत आहे?

तार आणि वीज या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मुंबईच्या उदाहरणाने छान समजतं. टाटा पॉवर आधी मुख्यतः बेस्ट आणि उपनगरातल्या कंपनीला घाऊक वीज विकायची. तिने घरोघरी थेट वीज विकावी की नाही यावर वाद झाला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. त्यानंतर उपनगरात एका कंपनीच्या तारेवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेणारे ग्राहक तयार झाले. तारेवाल्याला वहन आकार, वीजवाल्याला वीज आकार. रस्ता एकाचा, त्यावरची गाडी दुसऱ्याची.

ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र १९५६ चं. त्याबद्दल एवढंच सांगते की कोळशाचा संच थंड अवस्थेतून सुरू व्हायला तास लागतात आणि घाटातलं पाण्याचं केंद्र काही मिनिटांत वेग घेतं. म्हणून एकाच कंपनीकडे दोन्ही असणं मुंबईच्या फायद्याचं ठरलं. बाहेरच्या ग्रिडमध्ये बिघाड झाला की मुंबईला बेटासारखं वेगळं काढून इथल्याच केंद्रांवर चालवायचं, अशी योजना १९८१ पासून आहे. अनेकदा ती उपयोगी पडली. १२ ऑक्टोबर २०२० ला मात्र नाही पडली. कळवा-पडघा भागातल्या उच्च दाबाच्या वाहिन्या बंद पडत गेल्या, सकाळी लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ऑनलाइन तासाला बसलेली मुलं एकदम गायब झाली. कोविडचं वर्ष होतं, आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

मुंद्रा : सव्वादोन रुपयांची बोली

हा या पाठाचा गाभा. एवढा एकच भाग शिकवलात तरी चालेल.

गुजरातच्या कच्छमध्ये मुंद्रा इथे सुमारे ४००० मेगावॅटचं प्रचंड केंद्र उभं करायचं ठरलं. जो सगळ्यात कमी दर सांगेल त्याला काम. टाटा पॉवरने २००६ मध्ये पंचवीस वर्षांच्या करारासाठी युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे अशी बोली लावली आणि जिंकली. गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, हरियाणा आणि पंजाब ही पाच राज्यं वीज घेणार. आपल्या महावितरणचा वाटा ७६० मेगावॅट. कोळसा इंडोनेशियातून जहाजाने यायचा. कंपनी हुशार, तिने २००७ मध्ये इंडोनेशियातल्या कोळसा कंपन्यांत ३० टक्के हिस्सा विकत घेतला. म्हणजे खाण ते तार, साखळी पूर्ण. कोळसा महागला तर केंद्राला तोटा होईल, पण खाणीत नफा होईल, एका खिशातून दुसऱ्या खिशात. एकात्मिक असण्याचा खरा उपयोग हाच सांगितला जातो.

मग इंडोनेशियाने नियम बदलला. २०१० च्या नियमानुसार कोळसा जुन्या स्वस्त कराराने विकता येईना, आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी जोडलेल्या किमतीनेच विकावा लागला. मुंद्र्याचे संच २०१२-१३ मध्ये सुरू झाले तेव्हा कोळसा महाग आणि विजेचा दर मात्र करारात बांधलेला. प्रत्येक युनिटमागे तोटा. खाणीतल्या हिश्शाने काही भरपाई झाली, पण पुरली नाही. शिवाय खाणीच्या नफ्यावर तिथल्या सरकारचा कर आणि इतर भागीदारांचा वाटा होताच. दोन खिसे सारखे खोल नव्हते.

कंपनी म्हणाली, परदेशातला कायदा बदलला, आमचा काय दोष, दर वाढवून द्या. केंद्रीय आयोगाने भरपाईचा मार्ग मान्य केला, राज्यं आणि ग्राहक संघटना विरोधात गेल्या. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : कोळसा महागणं म्हणजे दैवी आपत्ती नव्हे, करारातला 'कायद्यातील बदल' म्हणजे भारतातला कायदा, इंडोनेशियातला नव्हे. बोली लावताना जोखीम तुम्ही घेतली होती.

मला हा निकाल योग्य वाटतो. स्वस्त बोली लावून काम मिळवायचं आणि नंतर दर वाढवून मागायचे, हे चाललं तर प्रामाणिक बोली लावणारा मूर्ख ठरेल. पण मुलांना दुसरी बाजूही दाखवा. तोट्यातलं केंद्र कंपनी किती वर्षं चालवील? मुंद्रा पुढे काही काळ बंदही राहिलं. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेची टंचाई झाली, तेव्हा केंद्र सरकारने विद्युत कायद्याचं कलम ११ वापरून आयात कोळशावरची केंद्रं चालवायला लावली आणि वाढीव इंधनखर्च वीजदरात धरायला परवानगी दिली. म्हणजे न्यायालयात जी जोखीम कंपनीची ठरली होती, ती टंचाईच्या काळात ग्राहकाकडे सरकलीच. वर्गाचे दोन गट करा, एक कंपनी, एक महावितरण, आणि मधोमध आयोगाच्या खुर्चीवर एक मुलगी बसवा. एका तासात नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल तिन्ही होतात.

गळकी बादली

साखळीचं शेवटचं टोक म्हणजे वितरण, आणि तिथे पैसा सगळ्यात जास्त गळतो. जुलै २००२ मध्ये दिल्लीचं विद्युत मंडळ मोडून वितरण खाजगी भागीदारीत दिलं. उत्तर दिल्लीचा भाग टाटा पॉवर (५१ टक्के) आणि दिल्ली सरकार (४९ टक्के) यांच्या कंपनीकडे आला. तेव्हा तिथली गळती सुमारे ५३ टक्के होती. चोरी, बिघडलेले मीटर, न भरलेली बिलं आणि तारांमधली घट सगळं धरून. म्हणजे १०० युनिट विकत घ्यायचे आणि पैसे ४७ चेच मिळायचे.

समजा युनिट ४ रुपयांना घेतलं. १०० युनिटचे ४०० रुपये. ते ४७ युनिटमधून वसूल करायचे तर युनिटला साडेआठ रुपये पडतात. ९३ युनिटचे पैसे मिळाले तर ४ रुपये ३० पैसे. (४ रुपये ही किंमत गणितासाठी धरलेली आहे.) आकडा टाकणाऱ्या शेजाऱ्याचं बिल प्रामाणिक माणूस भरतो, ते असं.

पुढच्या वर्षांत तिथली गळती दहा टक्क्यांच्या खाली आली. मीटर बदलले, चोरीला अवघड अशा तारा टाकल्या, वसुली नियमित केली. २०२०-२१ मध्ये ओडिशातल्या चारही वितरण कंपन्या अशाच ५१-४९ भागीदारीने टाटा पॉवरकडे आल्या. 'मग सगळंच खाजगी करावं का?' असं पालक विचारतात. माझं मत विचाराल तर, दिल्लीत दाट वस्ती आहे, एका किलोमीटरच्या तारेवर शेकडो ग्राहक. महावितरण मेळघाटातल्या पाड्यावर आणि मराठवाड्यातल्या शेतपंपापर्यंत तार नेते. दोघांची तुलना एकाच मापाने करणं बरोबर नाही. पण मीटर नीट असावा आणि हिशेब उघडा असावा, याला सरकारी-खाजगी असण्याची अट नाही.

पाणी पुन्हा वर

शेवटी सध्याची घडामोड, म्हणजे पाठ जुना वाटणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने महाराष्ट्र सरकारशी उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला, शिरवता इथे १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॅट. उदंचन म्हणजे वीज वापरून पाणी पुन्हा वरच्या तलावात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा संच आधीपासून आहे.

वर्गात एखादं मूल हमखास विचारतं, "बाई, पाणी वर चढवायला जास्त वीज लागत असणार. मग फायदा काय?" शाबासकी द्या, प्रश्न अगदी बरोबर आहे. १०० युनिट खर्चून वर नेलेलं पाणी साधारण ७५ ते ८० युनिट परत देतं. वीस-पंचवीस युनिट जातातच. पण दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, तेव्हा तिला गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. संध्याकाळी सूर्य गेला, घरोघरी दिवे लागले की तीच वीज महाग. समजा दुपारी २ रुपयांनी १०० युनिट घेतले, २०० रुपये गेले. संध्याकाळी ७५ युनिट ६ रुपयांनी विकले, ४५० रुपये आले. हे आकडे बदलून मुलांना स्वतः गणित करू द्या आणि दुपार-संध्याकाळच्या भावात किती फरक असेपर्यंत हा धंदा परवडतो ते शोधायला सांगा. आठवीच्या मुलांनाही समीकरण मांडून ते काढता येतं.